कडेची नजर आणि मेंदूतील गाठ

फोंड्याच्या बाजारातून स्कूटर चालवताना कडेने आलेले वाहन दिसत नाही, दारातून शिरताना चौकटीला खांदा आपटतो आणि तरीही नेत्रतपासणीच्या तक्त्यावरची शेवटची ओळ स्पष्ट वाचता येते, असे कोणी सांगितले तर घरची माणसे त्याचा दोष बहुधा वयाला किंवा बेसावधपणाला देतात. प्रत्यक्षात अशा माणसाचे डोळे निरोगी असू शकतात आणि बिघाड त्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी असू शकतो.

प्रत्येक डोळ्यातून १० लाखांहून अधिक तंतूंची एक दृष्टिचेता, म्हणजे दृश्य मेंदूकडे नेणारी नस, निघते. या दोन चेता जेथे एकत्र येतात, तेथे दोन्ही डोळ्यांच्या बाहेरील बाजूचे दृश्य वाहून नेणारे तंतू एकमेकांना ओलांडतात. या फुलीच्या खाली, जेमतेम १ सेंटिमीटरवर, पिट्युटरी ही संप्रेरके (हार्मोन) तयार करणारी ग्रंथी असते. तिच्यातील गाठ वर वाढली की ओलांडणाऱ्या तंतूंवरच प्रथम दाब येतो आणि दोन्ही कडांची नजर मंदावते.

अशी गाठ बहुतेक वेळा नाकावाटे, दुर्बिणीच्या साहाय्याने काढतात. शल्यविशारद चेतेला ओढत नाही. तो गाठ आतून पोकळ करतो, म्हणजे तिचे आवरण आपोआप खाली येते. चेतेला रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या जपणे हे मला या कामातील सर्वांत कठीण कौशल्य वाटते, कारण चेता अखंड राहूनही रक्ताअभावी दृष्टी जाऊ शकते.

भूल दिलेल्या रुग्णाला दिसते की नाही, हे विचारता येत नाही. म्हणून काही शस्त्रक्रियांत मिटलेल्या पापण्यांवर प्रकाशाचे झोत टाकून डोक्याच्या मागील भागावरील इलेक्ट्रोडांनी मेंदूचा विद्युत प्रतिसाद मोजतात. हुंगवायच्या भुलीने हा प्रतिसाद क्षीण होतो, त्यामुळे शिरेतून भूल देणे पसंत केले जाते. मात्र दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे नजर स्थिर ठेवून जेवढे दिसते त्या भागाचा, लहानसा तुकडा हरवला तर या पद्धतीने तो नेमका कळत नाही. गाठ मेंदूत अधिक आत, दृष्टितंतूंच्या वाटेवर असेल, तर काही निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेदरम्यान जागे ठेवून पडद्यावरची चित्रे ओळखायला सांगतात. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना होत नसल्याने हे शक्य होते.

दाब हटल्यावर काहींची नजर काही दिवसांतच सुधारते. पण दृष्टिपटलातील तंतूंचा थर आधीच पातळ झाला असेल, तर सुधारणा मर्यादित राहते. यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजेच पेरिमेट्री, होणे अत्यावश्यक आहे. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा अन्यत्र उपचारासाठी जाताना तिचा जुना आलेख रुग्णाने सोबत न्यावा, कारण नजर किती उरली आणि किती परतली, हे डॉक्टरांना त्याच्याशी ताडूनच ठरवता येते.