नाकाचं ऑपरेशन मनासारखं झालं नाही, तर पुन्हा करावं का?

(सांगली-मिरज रस्त्यावरच्या आमच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्यांसाठी)

विटा, जत, तासगावहून पेशंट येतात आणि खुर्चीत बसता बसता म्हणतात, "डॉक्टर, लग्नाच्या आत परत करून द्या." पहिलं ऑपरेशन होऊन तेव्हा जेमतेम चार-पाच महिने झालेले असतात. अशा वेळी आम्ही तारीख देत नाही. नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं, कातडी जाड असेल तर त्याहून जास्त. आज बोजड दिसणारं नाक तसंच राहील असं नाही. मात्र पू, ताप, किंवा आत बसवलेला सिलिकॉनचा तुकडा कातडीतून दिसू लागला, तर त्याच दिवशी या.

दुसऱ्या खेपेचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. आत जुन्या जखमेचा वण धरलेला असतो, आणि नाकाच्या मधल्या पडद्यातली कूर्चा (मऊ, लवचिक हाड) बहुधा पहिल्याच वेळी वापरून झालेली असते. मग ती कानातून, नाहीतर बरगडीतून घ्यावी लागते. बरगडीतून भरपूर मिळते, पण ती पुढे वाकू शकते, छातीवर वणही राहतो. मिश्री आणि तंबाखू आधी काही आठवडे पूर्ण बंद हवी. निकोटीननं कातडीचं रक्त कमी होतं, जखम भरत नाही. मिश्रीबद्दल बायका संकोचानं सांगत नाहीत, म्हणून आम्ही स्वतः विचारतो. राग मानू नका.

घरी एक करून पाहा. नाकाशेजारचा गाल बोटानं हलकेच कानाकडे ओढा आणि श्वास घ्या. त्या बाजूचा श्वास एकदम मोकळा झाला, तर आतली वाट अरुंद असू शकते. श्वास अडत असेल तर ऑपरेशनचा विचार जरूर करावा. नथ जराशी तिरकी बसते एवढीच तक्रार असेल, तर आम्ही बहुतेकदा "राहू द्या" म्हणतो.

सेल्फीवरून ठरवू नका. फुटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. आणि ऑपरेशन झालेल्या नाकात पार्लरमध्ये फिलर (आकार भरण्यासाठी टोचतात तो जेल) अजिबात टोचून घेऊ नका. रक्तवाहिनी तुंबून कातडी काळी पडू शकते, क्वचित दृष्टीही जाते.

घरच्यांना काहीच वावगं दिसत नाही, पण तुमचा दिवस आरशापुढे जातो, हळदी-कुंकवालाही जावंसं वाटत नाही, असं असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. हा त्रास खरा असतो आणि नाक कापून तो जात नाही.

येताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि आधीचे फोटो आणा. नोंद नसेल तर पहिल्या डॉक्टरांकडून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.