गुडपाश्चर लक्षणसमूह

फुप्फुसांतून रक्तस्राव आणि झपाट्याने बळावणारा मूत्रपिंडशोथ एकत्र आढळणारी दुर्मिळ अवस्था. नाव एक असले तरी त्यामागे निरनिराळे रोग असू शकतात: आधारपटलाविरुद्धच्या (केशिकांच्या भिंतीतील पातळ पटलाविरुद्धच्या) प्रतिपिंडांमुळे, म्हणजे प्रतिकारयंत्रणेने बनवलेल्या प्रथिनांमुळे, होणारा रोग, ॲन्का-संबंधित वाहिनीशोथ (ॲन्का म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींविरुद्धचे प्रतिपिंड; वाहिनीशोथ म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह), क्वचित ल्यूपस (अनेक अवयवांना ग्रासणारा स्वयंप्रतिकार रोग). ‘गुडपाश्चर रोग’ ही संज्ञा मात्र यांपैकी पहिल्यापुरतीच वापरणे इष्ट.

१९१९ मध्ये अमेरिकन विकृतिवैज्ञानिक अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी इन्फ्ल्यूएंझाच्या साथीतील एका १८ वर्षांच्या तरुणाच्या शवविच्छेदनाचे वर्णन केले. त्यांचा रोख साथीच्या कारणमीमांसेवर होता. त्यांचे नाव या अवस्थेला स्टँटन व टँग यांनी १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियातील नऊ रुग्णांचे वृत्त देताना दिले. त्या तरुणाच्या प्लीहेत व आतड्यातही वाहिनीशोथ होता. आधारपटलाच्या रोगात असे सहसा होत नाही, त्यामुळे मूळ रुग्णाला आजच्या अर्थाने ‘गुडपाश्चर रोग’ नसून ॲन्का-वाहिनीशोथ असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या काळी प्रतिपिंड तपासण्याची सोयच नसल्याने निर्णायक पुरावा नाही. लर्नर, ग्लासॉक व डिक्सन यांनी १९६७ मध्ये रुग्णांकडील प्रतिपिंड माकडांना टोचून त्यांच्यात मूत्रपिंडशोथ घडवून आणला. या प्रतिपिंडांचे लक्ष्य आधारपटलातील चौथ्या प्रकारच्या कोलॅजेन या प्रथिनाची आल्फा-३ शृंखला हे आहे.

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे रोग वेगळे ओळखता येत नाहीत. केशिकागुच्छांभोवतीच्या पेशींच्या चंद्रकोरी सर्वांत दिसतात. म्हणून बायॉप्सीचा तुकडा सगळाच फॉर्मॅलिनमध्ये टाकत नाहीत, एक भाग प्रतिदीप्ती तपासणीसाठी (ऊतीतील प्रतिपिंड चमकवून पाहण्यासाठी) राखतात. आधारपटलाच्या रोगात आयजीजी प्रकारचे प्रतिपिंड केशिकेच्या भिंतीवर सलग, रेघ ओढल्यासारखे चमकते. ल्यूपसमध्ये कण विखुरलेले दिसतात. ॲन्का-वाहिनीशोथात जवळपास काहीच चमकत नाही. जुन्या मधुमेहातही फिकट रेघ दिसू शकते, हे ध्यानात ठेवावे लागते.

रक्ततपासणीही निर्विवाद नाही. आधारपटलाच्या रोगात सुमारे दहांपैकी एका रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंड सापडत नाही, तर सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत ॲन्काही आढळते. अशा दुहेरी रुग्णांत रोग उलटण्याची, म्हणजे बरा होऊन पुन्हा उद्भवण्याची, शक्यता असते. निव्वळ आधारपटलाचा रोग क्वचितच उलटतो.

उपचारांत प्लाझ्मा-विनिमय (प्रतिपिंड असलेला रक्तद्रव काढून बदलणे), स्टेरॉइड व सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध यांचा समावेश होतो. संशय बळकट असल्यास उपचार सुरू करण्यासाठी तपासणीच्या अहवालाची वाट पाहत नाहीत.