वाचून उजळणी आणि आठवून उजळणी: दिसायला सारख्या, कामाला वेगळ्या

‘धड्याची उजळणी झाली का?’ असं विचारलं की दहावीतलं मूल ‘झाली’ म्हणतं आणि घरात सगळे निर्धास्त होतात. ती कशी झाली, हे सहसा कुणी विचारत नाही. एक मूल पुस्तक उघडं ठेवून धडा पुन्हा वाचतं, रेघा मारलेल्या ओळींवरून नजर फिरवतं. दुसरं मूल पुस्तक मिटतं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहितं आणि मग पुस्तकाशी ताडून बघतं. वेळ दोघांचा सारखाच जातो. आठवड्यानंतर डोक्यात उरलेलं मात्र सारखं नसतं.

याचा एक स्वच्छ पुरावा २००६ सालचा आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एक उतारा दोनदा वाचायचा. दुसरा एकदाच वाचायचा आणि मग न बघता आठवून लिहायचा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा वरचढ ठरला: ८१ टक्के आठवला, दुसरा ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटलं. दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. लिहून झाल्यावर मूळ उतारा परत दाखवलाही नव्हता, म्हणजे हा फायदा निव्वळ आठवण्याचा होता. त्याच अभ्यासाच्या पुढच्या प्रयोगात, ज्यांनी फक्त पुन्हापुन्हा वाचलं त्यांनाच आपल्या लक्षात जास्त राहील अशी खात्री वाटत होती. अभ्यास करणाऱ्याचा स्वतःचा अंदाजच इथे त्याला चुकीच्या बाजूला नेतो, ही आम्हाला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते.

अंदाज चुकतो याचं कारण साधं आहे. दुसऱ्यांदा वाचताना वाक्यं सरसर जातात आणि हे सरसर जाणंच ‘येतं’ असं वाटायला लावतं. पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरचं रोज दिसणारं दुकान आपण लगेच ओळखतो, पण डोळे मिटून त्याच्या पाटीवर नेमकं काय लिहिलंय ते सांगता येत नाही. परीक्षेत प्रश्न समोर असतो, उत्तर नसतं. ते स्वतःच शोधून बाहेर काढावं लागतं, आणि वाचून केलेल्या उजळणीत ही बाहेर काढण्याची क्रिया एकदाही घडलेली नसते.

गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातले ग्रहांच्या गतीविषयीचे केप्लरचे तीन नियम घ्या. चारदा वाचलेल्या मुलाला ते अगदी स्वच्छ वाटतात. आता पुस्तक मिटून लिहायला सांगा. पहिला नियम बहुतेक असा उतरतो: ‘ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि सूर्य मध्यभागी असतो.’ सूर्य मध्यभागी नसतो, एका नाभीवर, म्हणजे लंबवर्तुळाच्या आतल्या दोन ठरावीक बिंदूंपैकी एकावर असतो. वाचताना ‘नाभी’ या शब्दावर नजर थांबलेलीच नसते. दुसऱ्यात ग्रह आणि सूर्य यांना जोडणारी रेषा ‘समान क्षेत्रफळ’ व्यापते एवढं येतं, पण ‘समान कालावधीत’ गळतं, आणि त्याशिवाय नियमाला अर्थच उरत नाही. तिसऱ्यात वर्ग आणि घन यांची अदलाबदल होते: वर्ग आवर्तकालाचा (एका प्रदक्षिणेला लागणाऱ्या वेळेचा) असतो आणि घन सूर्यापासूनच्या सरासरी अंतराचा. हे तीनही घोटाळे वाचनात कधीच दिसले नसते, कारण बरोबर वाक्य समोर असताना चुकायला वावच नसतो. कागदावर ते दहा मिनिटांत सापडतात आणि पुढे काय पक्कं करायचं ते नेमकं कळतं.

गोंधळ वाढतो तो मधल्या प्रकारांमुळे. ते आठवणं वाटतात, पण असतं वाचणंच. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या प्रश्नसंचातला प्रश्न वाचायचा आणि लगेच खालचं छापील उत्तर वाचायचं, हे वाचन झालं. गणितात सोडवलेलं उदाहरण बघत ‘हो, हे कळलं’ म्हणत पुढे जाणं हेही वाचनच. तेच उदाहरण झाकून पहिल्या पायरीपासून सोडवलं की अडतं कुठे ते कळतं. भूमितीच्या प्रमेयांत तर हे फारच जाणवतं. सिद्धता वाचताना प्रत्येक पायरी पटते, पण सुरुवातीची रचना कोणती करायची ते आठवत नाही आणि पुढचं सगळं तिथेच थांबतं.

घरी पुस्तक हातात धरून प्रश्न विचारणाऱ्या आईबाबांकडूनही हे नकळत होतं. मूल अडलं की ‘अरे, ना... ना...’ असं म्हणत अर्धा शब्द पुरवला जातो, मूल ‘नाभीवर!’ म्हणतं आणि दोघांनाही वाटतं की आलं. तो शब्द मुलाने ओळखला, आठवला नाही. सांगायचंच असेल तर पंधरा-वीस सेकंद गप्प राहा, मग पूर्ण उत्तर सांगा आणि तोच प्रश्न दहा मिनिटांनी पुन्हा विचारा.

मनातल्या मनात ‘हे येतं’ म्हणून पुढे जाणंही तसंच फसवं आहे. उत्तर कागदावर उतरलं पाहिजे, नाहीतर तोंडाने पूर्ण वाक्यात बोललं गेलं पाहिजे. पेठांमधल्या अभ्यासिकांत मोठ्याने बोलता येत नाही, तिथे पाठकोरे कागद जवळ ठेवावेत. वही खराब होण्याची भीती नसली की मुलं चुकीचं का होईना, पण लिहितात.

पद्धत अशी ठेवावी. धड्याचा एक भाग, साधारण तीन-चार पानं, समजून वाचा, वीसेक मिनिटं. पुस्तक मिटून पाच मिनिटं दुसरं काहीतरी करा, नाहीतर नुकतीच वाचलेली शेवटची ओळच कागदावर येते. मग मथळे न बघता आठ-दहा मिनिटं लिहा: व्याख्या, सूत्रं आणि त्यांची एककं, आकृती नावांसकट. अडलं तरी लगेच पुस्तक उघडू नका, मिनिटभर ताण द्या. शेवटी लाल पेनाने ताडून बघा आणि सुटलेलं त्याच कागदावर लिहा. ही शेवटची पायरी टाळली तर चुकीचंच पक्कं होण्याचा धोका असतो. वर्ग-घनाची अदलाबदल अशीच थेट उत्तरपत्रिकेपर्यंत जाते.

कागदावर जवळजवळ काहीच आलं नाही, तर ही पद्धत आपल्यासाठी नाही असं समजू नका. एकतर भाग फार मोठा घेतला, नाहीतर तो समजलेलाच नाही. न समजलेलं आठवायला बसलं की घोकंपट्टीच होते. अशा वेळी परत वाचा, शिक्षकांना विचारा आणि पुढच्या खेपेला एकच पान घ्या. शब्दन् शब्द तसाच यायला हवा असाही आग्रह नको. व्याख्या, नियम आणि कवितेच्या ओळी नेमक्या हव्यात. इतिहासातली कारणं आणि परिणाम स्वतःच्या वाक्यांत आले तर उलट चांगलं, समजलंय का ते त्यातून दिसतं.

दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी, तिसरी तीन-चार दिवसांनी, चौथी आठवड्याने करावी. दर वेळी आधी आठवायचं, मग बघायचं. प्रश्नोत्तरांची कार्डं करणारी मुलं एकदा बरोबर आलेलं कार्ड कायमचं बाजूला काढतात. तसं करू नये. याच दोन संशोधकांनी २००८ साली ४० स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ घेऊन प्रयोग केला. एकदा आठवल्यानंतरही ज्यांची चाचणी चालू ठेवली, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आले. आठवलेले शब्द चाचणीतून काढून टाकलेल्यांना ३५ टक्क्यांच्या आसपासच आले, मग ते शब्द त्यांनी नंतर वाचत राहिले असोत की नसोत.

वाचून उजळणीला जागा नाही असं अजिबात नाही. नवा धडा वाचल्याशिवाय आठवायला काही नसतंच. शिवाय पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत वाचनच पुढे होतं, हेही विसरू नये. पेपरच्या सकाळी, केंद्राच्या फाटकाबाहेर उभं असताना कोरा कागद काढून बसू नका. तिथे काही आठवलं नाही तर उगाच घाबरायला होतं. आधीच्या फेऱ्यांतल्या लाल पेनाच्या खुणा, सूत्रं आणि एककं तेवढी नजरेखालून घाला.