आजारपणानंतर पुन्हा टेकडीवर: माउंटन सायकल चालवणाऱ्यांसाठी पहिल्या महिन्याची माहिती

पाऊस ओसरू लागला की पुण्यात डेंग्यू, चिकुनगुनिया, टायफॉइड आणि साध्या तापाच्या रुग्णांनी दवाखाने भरतात. नेमक्या त्याच दिवसांत टेकड्यांवरच्या पायवाटा सुकून सायकलला मोकळ्या होतात. म्हणून दसऱ्याच्या आसपास आमच्या सायकलच्या दुकानात येणाऱ्या बऱ्याच सायकलींची गोष्ट एकच असते: मालक नुकताच अंथरुणातून उठलेला आणि सायकल पाच-सहा आठवडे भिंतीला टेकून उभी. तयारी दोघांचीही करावी लागते. सायकलीवर बसायला परवानगी आहे की नाही, हे डॉक्टर ठरवतील. परवानगी मिळाल्यावर काय करायचे आणि काय तपासायचे, ते या पत्रकात आहे.

ताप गेला, पण किती थांबायचे?

आमच्या दुकानाचा ढोबळ हिशेब असा: जितके दिवस ताप होता, त्याच्या दुप्पट दिवस चढ चढायचा नाही. सहा दिवस ताप असेल तर तो उतरल्यावर बारा दिवस. हे कमीत कमी झाले. आजारानुसार आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार ते वाढेल, कमी मात्र करू नका. विषाणूच्या तापात कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. ती बाहेरून दिसत नाही, आणि त्या काळात जोर लावला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घाई नको म्हणतो ती यासाठी.

सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच, पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा आणि आकडा लिहून ठेवा. आजारापूर्वीच्या आकड्यापेक्षा दहा किंवा अधिक ठोके जास्त असतील तर त्या दिवशी सायकल नाही. डेंग्यूनंतर काहींची नाडी उलट मंदावते. त्यामुळे आकडा कमी आला म्हणजे तब्येत सुधारली असे समजू नका. चक्कर किंवा ग्लानी सोबत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

दुसरी चाचणी जिन्याची. तीन मजले न थांबता चढून वर गेल्यावर सरळ वाक्य बोलता आले पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंग जड वाटता कामा नये. बहुतेकांची फसगत या दुसऱ्या दिवशी होते. आज बरे वाटले म्हणून वीस किलोमीटर केले आणि पुढचे चार दिवस पलंगावर काढले, असे होऊ देऊ नका.

आजाराप्रमाणे धोका बदलतो

डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत नाजूक असतात, कारण प्लेटलेट तेव्हाही घसरत असू शकतात. साधारण प्रमाण दीड ते साडेचार लाख. प्रमाण पुन्हा दीड लाखावर स्थिरावेपर्यंत पायवाटेवर, अगदी सावकाशसुद्धा, जाऊ नका. एरवी काळानिळा डाग पडून भागले असते, अशा मारानेही या काळात आत रक्तस्राव होऊ शकतो. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका.

मलेरियात प्लीहा वाढते. ती डाव्या बरगड्यांच्या आड असते आणि वाढलेली असताना हँडलचे टोक पोटात घुसले तर फाटू शकते. प्लीहा पूर्ववत झाली का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच आहे ना, तेही आजच पाहा. चार पैशांची वस्तू आहे, पण उघडी नळी पोटात गोल कापून जाते.

टायफॉइडमध्ये आतड्याला जखमा होतात आणि त्या भरायला आठवडे लागतात. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातले प्रतिजैविक दिले असेल, तर टाचेवरची जाड शीर, म्हणजे टाच आणि पोटरी जोडणारा स्नायुबंध, कमकुवत होऊ शकतो. हा परिणाम कधी कधी गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसतो. कागदावर गोळीचे नाव पाहा आणि डॉक्टरांना विचारा. अशा वेळी सायकल ढकलत उभा चढ चढणे सायकल चालवण्यापेक्षा वाईट, कारण सगळा ताण टाचेवर येतो. टाचेमागे दुखू लागले तर तिथेच थांबा.

चिकुनगुनियात मनगटे, बोटे आणि घोटे महिनोन्‌महिने दुखू शकतात. याचा उपाय बराचसा सायकलीत आहे, तो पुढे दिला आहे.

सायकल आजच्या शरीराला जुळवा

आजारात चार-पाच किलो वजन जाते, हातांची पकड ढिली होते आणि पायांत उभे राहून पॅडल मारण्याचा जोर उरत नाही. जुन्या मापांवर ठेवलेली सायकल अशा वेळी शरीरावर ताण टाकते.

आधी गिअर पाहू. पुढे ३२ दात आणि मागे सर्वांत मोठी ५१ दातांची चकती असेल, तर २९ इंची चाकावर मिनिटाला ६० फेऱ्या मारताना वेग ताशी सुमारे ५.२ किलोमीटर येतो. पुढची चकती २८ दातांची केली की त्याच फेऱ्यांना तो सुमारे ४.५ होतो. फरक लहान दिसतो, पण चढावर नाडी आवाक्यात राहते ती यामुळेच. त्यानंतर साखळीची लांबी पाहावी लागते, बहुधा एक जोडी कडी काढावी लागते. पुढे तीन चकत्या असतील तर काही बदलू नका. सर्वांत लहान, बहुधा २२ दातांची, चकती साफ करून तिच्यावर साखळी नीट बसते ना तेवढे पाहा. वर्षानुवर्षे न वापरलेल्या त्या चकतीचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) गंजून अडकलेला असतो.

टायरमधली हवा. सामानासह ७० किलो वजनाला २९ बाय २.२५ इंचांच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून (हे हवेच्या दाबाचे माप) सुरुवात करा. ट्यूब असेल तर दोन्हीकडे पाच वाढवा. वजन पाच किलो घटले असेल तर पुढे एक पीएसआय कमी करा, मागे मात्र तेवढेच ठेवा. अशक्त माणूस उतारावरही सीटवर बसून राहतो, त्यामुळे मागचे चाक दगडावर पूर्ण वजनानिशी आपटते. तिथे हवा कमी असली तर ट्यूब चिमटते किंवा रिम वाकते.

सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरमधला छिद्र बुजवणारा द्रव, पुण्याच्या हवेत दोन-तीन महिन्यांत आटते. सायकल उभीच असली तर ते तळाशी साचून रबराचा गोळा होतो. चाक हलवून आत पाणी खळखळल्यासारखे ऐकू आले नाही, तर व्हॉल्व्हचा गाभा काढून २९ इंची टायरमध्ये १०० मिलिलिटर नवीन भरा. बाभूळ आणि बोरीच्या काट्यांच्या वाटांवर याला पर्याय नाही. काटा रुतला तर वाटेत उपटू नका, हवा टिकत असेल तर तसेच घरी या. उपटलाच तर छिद्र खाली येईल असे चाक धरा, म्हणजे सीलंट तिथे जमा होईल.

हवेच्या फोर्कमधली (पुढचे चाक धरणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या दांड्यांमधली) हवा उभ्या उभ्याही गळते आणि तुमचे वजनही बदललेले असते, म्हणून अंदाज न करता मोजा. फोर्क घट्ट धरणारे लॉक उघडा, बूट-बॅग-पाण्यासकट सायकलीवर उभे राहा, फोर्कच्या नळीवरची रबरी कडी खाली सारा, अलगद उतरा. १२० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये कडी सुमारे २४ मिलिमीटर सरकलेली हवी, म्हणजे पाचवा हिस्सा. कमी सरकली तर पाच-पाच पीएसआय सोडा. शॉकचा वेगळा पंप वापरा, कारण या फोर्कमध्ये हवा थोडी आणि दाब जास्त असतो. टायरचा पंप लावताना-काढतानाच निम्मी हवा निघून जाते.

ब्रेक. लिव्हर हाताच्या इतका जवळ आणा की तर्जनीचे पहिले पेर त्याच्या टोकावर आरामात टेकेल. त्यासाठी लिव्हरच्या बुडाशी छोटा स्क्रू असतो. ब्रेक एकाच बोटाने दाबायचा, बाकीची बोटे मुठीवर. चिकुनगुनियानंतर बोटे वळत नसतील तर जाड, मऊ सिलिकॉनच्या मुठी लावा आणि हँडलखालच्या कड्या वाढवून हँडल १० मिलिमीटर वर घ्या, म्हणजे मनगटावरचा भार घटेल. हायड्रॉलिक (तारेऐवजी द्रवावर चालणाऱ्या) ब्रेकचा लिव्हर थेट मुठीपर्यंत जात असेल तर नळीत हवा शिरली आहे, ती काढून घ्या. सायकल महिनाभर उलटी उभी ठेवली तर हे होऊ शकते. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट द्रव (दुसऱ्या प्रकारचा ब्रेकचा द्रव), किंवा डॉटच्या ब्रेकमध्ये ऑइल, चुकूनही घालू नका. आतली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. साखळीवर स्प्रे मारताना तो डिस्कवर उडाला असेल तर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅडवर तेल गेले असेल तर पॅड बदलणेच बरे. नव्या पॅडना ताशी २० किलोमीटर वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न अडवता, वीसेक वेळा ब्रेक लावून बसवून घ्या. हे घराजवळच्या रस्त्यावर करा, उतारावर नको.

पॅडल पहिला महिना साधे, सपाट ठेवा. बूट अडकवायच्या पॅडलमधून पाय सोडवायला टाच फिरवावी लागते, आणि थकल्यावर नेमकी तीच हालचाल उशिरा होते.

कुठून सुरू करायचे?

पहिला आठवडा सपाट डांबरी रस्ता, सकाळी, २० ते ३० मिनिटे, दिवसाआड. सोबतच्या माणसाशी बोलता येईल इतक्याच वेगाने. घड्याळ वापरत असाल तर २२० मधून वय वजा करा आणि त्याच्या ६५ टक्क्यांच्या आत राहा. चाळिशीच्या माणसाला ते सुमारे ११७ पडते. दुसऱ्या आठवड्यात वेळ ४५ मिनिटांपर्यंत न्या. आधी वेळ वाढवायचा, मग चढ, आणि कौशल्याची वाट सर्वांत शेवटी. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा.

पहिली पायवाट अशी निवडा की कुठूनही दहा-पंधरा मिनिटांत खाली उतरून रिक्षा मिळेल. वेताळ टेकडी यासाठी चांगली: माथा बराचसा सपाट आणि खाली उतरायला अनेक बाजू. वर चढताना सायकल ढकला (टायफॉइडसाठी वर सांगितलेल्या गोळ्या घेतल्या असतील तर उभ्या चढावर हे नको), माथ्यावर चालवा. चालायला येणाऱ्यांची, त्यातही वृद्धांची, गर्दी असते. मागून आलात तर आवाज द्या आणि वेग चालण्याइतका करा. वनखात्याच्या फाटकावरची सूचना वाचून तिच्याप्रमाणे वागा. सिंहगडाचा घाट या महिन्यात नको. कासच्या सड्यावर (साताऱ्याजवळच्या फुलांच्या पठारावर) तर सायकल रस्ता सोडून कधीच उतरवू नये. फुलोऱ्याच्या दिवसांत एका चाकोरीने मेलेली रोपे पुढच्या वर्षीही उठत नाहीत.

ऑक्टोबरात सावलीतल्या कातळावर शेवाळ टिकून असते. त्यावर ब्रेक लावू नका, वळू नका. सरळ जाणे जमणार नसेल तर उतरा. सुटा मुरूम चाकाखाली गोट्यांसारखा फिरतो. तिथे वेग वळणाआधीच कमी करायचा, वळणात नाही. काळी माती ओली असेल तर वाटच बदला. ती फ्रेम आणि चाकाच्या मधल्या फटीत थापली जाते, चाक अडते आणि जोर लावला की मागचा गिअर हँगर (मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) तुटतो.

पाणी, खाणे

तासाभराला अर्धा लिटर पाणी धरा, ऊन चढल्यावर जास्त. जुलाब किंवा डेंग्यू झाला असेल तर एक बाटली ओआरएसची ठेवा: एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या बाटलीत ओतलेले दाट पाणी पोट बिघडवते. टेट्रा पॅकमधली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. खायला खजूर, केळे, राजगिऱ्याची चिक्की पुरते. परतल्यावर तासाभरात वरण-भात, अंडी किंवा उसळ, असे काही प्रथिनांचे जेवण घ्या.

लगेच थांबा

छातीत दुखणे किंवा धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बसल्या जागी दम, पायांवर सूज, हिरड्यांतून रक्त, काळा शौच, पुन्हा ताप: यांपैकी काहीही झाले तर सायकल तिथेच सोडून द्या, आडोशाला बसा, फोन करा आणि दवाखाना गाठा. छातीच्या तक्रारीत ईसीजी काढल्याशिवाय पुन्हा सायकलीवर बसू नका. एकटे जाऊ नका. जावेच लागले तर घरी वाट आणि परतीची वेळ सांगून निघा.

सायकल दुकानात आणताना

आदल्या आठवड्यातले वजन, चालवताना वापरता ते बूट, भरलेली बॅग आणि पाण्याची बाटली सोबत आणा. फोर्क आणि टायरचे माप त्यांच्याशिवाय खरे येत नाही. मनगट किंवा घोटा कुठल्या हालचालीला दुखतो ते सांगा, म्हणजे लिव्हर आणि हँडल तुम्हाला उभे करूनच बसवता येतील. हेल्मेटही आणा. आजारपणात कपाटावरून एकदा जरी पडले असेल, तरी आतल्या थर्माकोलला तडा गेलाय का, हे पाहून देतो.