बीटी कापूस, दोन बाजू आणि एक उलटा प्रश्न

विदर्भातल्या कुठल्याही गावच्या शाळेत वादविवाद स्पर्धा असो, ‘बीटी कापूस : वरदान की शाप’ हा विषय ठरलेला. बीटी म्हणजे जनुक बदलून बोंडअळीला मारक बनवलेली कपाशी. त्यावरचा निबंधही ठरलेला. पाच फायदे, पाच तोटे आणि शेवटी ‘नाण्याला दोन बाजू असतात, म्हणून सुवर्णमध्य साधावा’. गुण चांगले मिळतात. पण अशा लेखनात मुद्दे तोलले जात नाहीत, त्यांची नुसती वाटणी होते. पाचांतला कुठला मुद्दा भक्कम आणि कुठला पोकळ, हे कुणी पाहिलेलंच नसतं. ज्या घरांचं वर्षभराचं गणित पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, चालतं, तिथल्या मुलांना तरी हे पाहणं शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हे अवघड का जातं? १९७९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी एक प्रयोग केला. फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे २४ आणि विरोधातले २४ विद्यार्थी निवडले. प्रत्येकाला दोन अभ्यास वाचायला दिले. एकाचा निष्कर्ष होता की फाशीमुळे खून कमी होतात, दुसऱ्याचा होता की होत नाहीत. दोन्ही बाजू वाचल्यावर माणसं थोडी तरी जवळ यायला हवी होती. झालं भलतंच. आपल्या मताचा अभ्यास प्रत्येकाला पटला, विरोधातल्या अभ्यासात मात्र खोटच खोट दिसली. शेवटी आपलं मत आधीपेक्षा पक्कं झालं, असं दोन्ही गटांनी सांगितलं.

म्हणजे समोर दोन्ही बाजू मांडल्या की काम झालं, असं नाही.

यातून वाट काय, हे १९८४ साली लॉर्ड, लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी तपासलं. एका गटाला सांगितलं, न्यायाधीशासारखं निष्पक्ष राहून वाचा. फरक पडला नाही. दुसऱ्या गटाला एक प्रश्न दिला : हीच पद्धत वापरून निष्कर्ष उलटा आला असता, तर या अभ्यासाला तुम्ही इतकंच चांगलं किंवा वाईट म्हटलं असतं का? हा प्रश्न सोबत घेऊन वाचणाऱ्यांचा कल बराच सरळ झाला. ‘निष्पक्ष राहा’ हा उपदेश आहे. हा प्रश्न मात्र प्रत्यक्ष करून पाहायची गोष्ट आहे. सातवीतलं पोरगंही तो वापरू शकतं.

आता हाच प्रश्न कपाशीला लावू. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेल्या या वाणांना भारतात मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली. या झाडात तयार होणारं प्रथिन बोंडअळीच्या आतड्यावर घाला घालतं. २००२-०३ मध्ये देशात सुमारे १३६ लाख गाठी कापूस झाला. २००७-०८ मध्ये तो ३०० लाख गाठींच्या पुढे गेला. ‘आमच्या वावरात त सुरवातीच्या सालांत अळीच नव्हती बाप्पा,’ असं सांगणारे शेतकरीही गावोगाव भेटतील. बीटीची बाजू जिंकली?

उलटा प्रश्न विचारा. याच काळात उत्पादन घटलं असतं, तर बीटीच्या समर्थकाने ‘बीटीमुळे घटलं’ हे मान्य केलं असतं का? नक्कीच नाही. तो म्हणाला असता, पाऊस बघा, खत बघा, ओलीत बघा. मग वाढ झाली तेव्हाही तेच बघायला हवं. २००२ हे दुष्काळाचं साल होतं, म्हणजे तुलनेची सुरुवातच खालून झाली. पुढच्या वर्षांत खतांचा वापर वाढला, रसशोषक किडींवर नवी कीटकनाशकं आली, संकरित वाणांचा पेरा वाढला.

संशोधकांतही इथेच मतभेद आहेत. जोनास काथागे आणि मतीन कैम यांनी २००२ ते २००८ या काळात शेतकरी कुटुंबांची पुन्हा पुन्हा पाहणी केली. बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्के आणि नफा ५० टक्के वाढला, असा त्यांचा २०१२ सालचा निष्कर्ष आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० साली वीस वर्षांचे आकडे मांडून उलट सांगितलं : देशातली उत्पादकता बीटीच्या प्रसारामागे चालली नाही, खतं आणि इतर बदलांमागे चालली, आणि कीटकनाशकांचा खर्च आधी उतरला तरी नंतर बीटीपूर्व काळाच्याही वर गेला. दोन्ही निबंध नीट वाचले की जाणवतं, एक पहिल्या सहा वर्षांतल्या कुटुंबांबद्दल बोलतो आहे, दुसरा वीस वर्षांतल्या देशाबद्दल. काळ आणि प्रदेश न लिहिता ‘उत्पादन वाढलं’ किंवा ‘वाढलं नाही’ असं लिहिणाऱ्याची दोन्ही वाक्यं अर्धवट राहतात.

विरोधकालाही सूट नको. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली. बोंड बाहेरून हिरवंगार, धडधाकट. फोडलं की आत सरकी खाणारी गुलाबी अळी आणि कापसाची कवडी झालेली. ‘बीटी फसलं’ हा निष्कर्ष तिथे चटकन निघाला. गुलाबी अळीपुरता तो खरा आहे, तिच्यात प्रतिकारशक्ती आली हे सिद्ध झालेलं आहे. त्यावर ‘काहींच्या मते आली, काहींच्या मते नाही’ असं लिहिणं म्हणजे समतोल नव्हे, ती चूक आहे. पण अमेरिकन बोंडअळी या दुसऱ्या जातीच्या अळीवर बीटी त्याही वेळी बऱ्यापैकी टिकून होतं, हेही त्याच परिच्छेदात यायला हवं.

प्रतिकारशक्ती का आली, हेही सांगायला हवं. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीची पुडी मिळायची. ती कडेने पेरली की तिथे बीटीला बळी पडणारे पतंग वाचतात, प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. बहुतेकांनी ती पुडी पेरलीच नाही. त्यात पाणी असलेल्यांनी फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवली, आणि अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खायला मिळालं. दोष तंत्रज्ञानाचा किती, वापराचा किती आणि चार-पाच एकरवाल्याला न झेपणारा नियम करणाऱ्यांचा किती, हा खरा चर्चेचा मुद्दा आहे.

पुरावा गोळा करायची रीत शिकायला लांब जावं लागत नाही. गुलाबी अळीची फवारणी ठरवताना कृषी खातं सांगतं : वावरात फिरून २० हिरवी बोंडं तोडा, फोडा, दोन किडकी निघाली, म्हणजे १० टक्के, तर फवारा. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरी फवारा. यातली मोलाची गोष्ट अशी की आकडा मोजणीआधीच ठरलेला असतो. बोंडं फोडल्यावर भीतीने तो कमी करता येत नाही, की औषधाचे पैसे वाचवायला वाढवता येत नाही. बोंडंही धुऱ्याजवळचीच तोडून चालत नाही. मुलांनी शाळेमागच्या वावरात हे एकदा करावं, मग निबंधाला बसावं.

काही प्रश्न मात्र मोजून सुटत नाहीत. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने जाहीरपणे मंजुरी नसलेलं, तणनाशकाला दाद न देणारं एचटीबीटी बियाणं पेरलं. शेतकऱ्याची बाजू खरी आहे : ऐन पावसात निंदणाला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. पण त्याच्या हिशेबात जो वाचलेला खर्च आहे, तीच त्याच गावातल्या भूमिहीन बाईची मजुरी आहे. वादविवादात दोनच बाजू मोजल्या की ती कुणाच्याच बाजूला सापडत नाही. तणं किती वर्षांत तणनाशकाला सरावतील, हे चाचण्या सांगतील. कुणाचं नुकसान सोसण्याजोगं मानायचं, हे त्या सांगणार नाहीत.

इथे लिहिणाऱ्याने मत द्यावं, सुवर्णमध्याच्या आड लपू नये. फक्त ते कशाने बदलेल हेही सोबत लिहावं. दहावीच्या एखाद्या मुलीचा परिच्छेद असा असू शकतो : ‘मंजुरी द्यावी असं मला वाटतं, कारण निंदणाचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याला झेपत नाही. पण तणनाशकाने न मरणारं तण थोड्याच वर्षांत वावरभर पसरतं असं चाचण्यांत दिसलं, किंवा निंदणावर चूल पेटणाऱ्या घरांना खरिपात दुसरं काम मिळत नाही असं आमच्या गावच्या पाहणीत निघालं, तर मी हे मत बदलेन.’