नस तुटणं वेगळं आणि मुळातून उपटणं वेगळं

काच लागून मनगटाची नस कापली, टाके घालून जोडली आणि काही महिन्यांनी बोटांना समजायला लागलं, असा एखादा तरी माणूस तुमच्या ओळखीत असेलच. घोळ होतो तो गाडीवरून पडलेल्यांचा. पुणे रोडला नाहीतर हैदराबाद रोडला पोरगं बाईकवरून उडतं, खांद्यावर आपटतं, मान एकीकडे अन् खांदा दुसरीकडे ओढला जातो, हात लुळा आणि बधिर. मग बघायला येणारा प्रत्येकजण सांगतो, "अहो आमच्या मेव्हण्याचीपण नस तुटली होती, आली की परत, थांबा जरा." हे "थांबा जरा" ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

मनगटाचं आधी उरकतो. नस म्हणजे बारीक तंतूंची जुडी. जखमेच्या पुढचा तंतू मरतो, हे 1850 मध्ये ऑगस्टस वॉलरने बेडकांवर दाखवलं. तंतू जिच्यातून निघतो ती पेशी जिवंत राहते, श्वॉन पेशी (तंतूभोवती गुंडाळलेल्या मदतनीस पेशी) वाट करून देतात आणि तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. नवीन पेशी बिशी काही जन्माला येत नाही, जुन्याच पेशीला नवा तंतू फुटतो, कृपा करून "नव्या पेशी तयार होतात" म्हणणं बंद करा.

आता मेन गोष्ट. स्पर्श कळवणारी पेशी हातात नसते आणि मेंदूतही नसते, ती असते मणक्यापाशी, मज्जारज्जूच्या जस्ट बाहेर, एका छोट्या गाठीत, तिला डॉर्सल रूट गँगलियन म्हणतात. तिच्यातून एक तंतू निघतो आणि त्याला दोन फाटे फुटतात, एक हाताकडे, एक मज्जारज्जूत. हाताकडचा तुटला तर पेशी खडबडून जागी होते, वाढीचे जीन्स चालू करते. मज्जारज्जूकडचा तुटला तर ती तेवढी जागीच होत नाही, आणि तंतू वाढत गेलाच तरी मज्जारज्जूच्या दारात अडतो, कारण आतल्या मायलिनमध्ये (तंतूंवरच्या चरबीच्या वेष्टनात) नोगोसारखी वाढ रोखणारी प्रोटीन्स असतात. पेशी तीच, जीन्स तेच, पण एका फाट्याचं नशीब वेगळं आणि दुसऱ्याचं वेगळं. 1999 मध्ये उंदरांवर असं दिसलं की हाता-पायाकडचा फाटा आधी कापून पेशीला जागं केलं तर आतला फाटाही मज्जारज्जूत वाढतो. भारी आहे, पण ते लॅबमधलं, पेशंटवर करायचं नाही.

म्हणून प्रश्न एकच, नस गाठीच्या हाताकडच्या बाजूला तुटली की गाठीच्या आतल्या बाजूला, मज्जारज्जूतून मुळासकट उपटली? बाहेरून हात दोन्हीत सेमच दिसतो.

आणि सगळ्यात वाईट फसगत रिपोर्टमध्ये होते. मूळ उपटलं तरी पेशी आणि तिचा हाताकडचा तंतू एकमेकांना जोडलेलेच असतात, त्यामुळे तो तंतू मरत नाही, आणि नर्व्ह टेस्टमध्ये (नसेला बारीक करंट देऊन सिग्नल मोजतात) संवेदनेचा भाग नॉर्मल येतो. हाताला चटका कळत नाही आणि कागदावर नॉर्मल! घरचे पेढे वाटायच्या तयारीत असतात, पण बधिर हातात नॉर्मल आलेला हाच आकडा वाईट बातमी असतो. उलट तो सिग्नल गेलेला असला तर इजा हाताकडच्या बाजूला आहे म्हणजे आशा आहे (मात्र सिग्नल गेला म्हणून आत काही उपटलेलं नाहीच, असं धरू नका, दोन्ही एकदम होऊ शकतं). टेस्ट पहिल्या आठवड्यात केली तर काही अर्थ नाही, कारण तुटलेला तंतूही काही दिवस सिग्नल देतो, साधारण 3 आठवड्यांनी करतात. त्याच बाजूची पापणी जरा उतरली आणि डोळ्याची बाहुली बारीक झाली असेल तर हाताकडे जाणाऱ्या मुळांपैकी सगळ्यात खालचं मूळ उपटल्याचा दाट संशय घ्यायचा.

उपटलेलं मूळ आपोआप परत चिकटत नाही. तेल चोळून नाही, शेक देऊन नाही, बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनांनीही नाही (कमतरता असेल तर जरूर घ्या, तो विषय वेगळा). तिथे बरगडीच्या मधली किंवा दुसरी चालू नस वळवून स्नायूला जोडतात, म्हणजे कोपर तरी वाकतं. आणि हे लवकर करावं लागतं, शक्यतो 6 महिन्यांच्या आत, कारण नसेविना पडलेला स्नायू दीड-एक वर्षात कामातून जातो, मग नस पोचली तरी उपयोग नाही. त्यामुळे पहिल्या महिन्यातच ब्रेकियल प्लेक्ससचं (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याचं) काम करणारा सर्जन गाठा, आणि "नस तुटलीय का?" एवढंच न विचारता "गाठीच्या हाताकडच्या बाजूला की आत मज्जारज्जूकडे?" असं विचारा.