हप्ते भरतोय पण कर्ज हलतच नाही? आधी मुद्दल बघा

आमच्याकडे हिशोब लावून घ्यायला येणारे बरेच जण पहिल्याच भेटीत हेच म्हणतात, की इतके हप्ते भरले तरी कर्ज आहे तिथंच आहे. आणि गंमत म्हणजे त्यांचं चुकत नाही, खरंच तसं असतं. ते का होतं हे कुणी बसून समजावलेलं नसतं, मग माणूस स्वतःलाच दोष देत बसतो, म्हणून हे माहितीपत्रक.

समजा 1,00,000 चं कर्ज आहे, व्याज वर्षाला 9 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता बसतो साधारण 900. पहिल्या महिन्यात त्यातले 750 नुसते व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं फक्त 150. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलं तर तुमच्या खिशातून जवळपास 54,000 गेलेले असतात आणि मुद्दल अजून 88,700 च्या आसपास शिल्लक! अर्धं मुद्दल फिटायला 14 वर्षं लागतात, उरलेलं अर्धं मग 6 वर्षांत संपतं. म्हणजे अंगात जोर असतो तेव्हा आकडा हलत नाही आणि आकडा पळायला लागतो तोवर माणूस कंटाळून गेलेला असतो.

म्हणून पहिलं काम, लोन स्टेटमेंट काढा आणि त्यात 'मुद्दल' आणि 'व्याज' हे दोन कॉलम बघा. दर महिन्याला हप्त्यातून मुद्दलात गेलेला आकडा आधीच्या महिन्यापेक्षा थोडा मोठा झालेला दिसेल (व्याजदर मध्येच वाढला असेल तर वेगळी गोष्ट, तेव्हा नक्की फोन करा). आम्ही तरी तोच आकडा बघायला सांगतो, एकूण बाकी रोज बघून नुसता बीपी वाढतो.

क्लार्क हल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्ये मांडलं होतं की भूलभुलैयात सोडलेला उंदीर खाणं जवळ आलं की जास्त जोरात पळतो. आपलंही तसंच आहे, शेवट जवळ दिसला की पाय उचलतो, आणि 20 वर्षं लांबचा शेवट कुणालाच दिसत नाही, त्यामुळे तो जवळ आणावा लागतो. आमच्याकडे येणाऱ्या एका ताईंनी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने आलेखाचा कागद चिकटवलाय (आतून, कारण पाहुण्यांना कशाला दाखवायचं), एक चौकोन म्हणजे 1,000 मुद्दल, आणि स्केचपेन तिथंच दोऱ्याने बांधून ठेवलंय. पहिल्या तीन महिन्यांत दोन चौकोन पूर्ण आणि तिसरा अर्धवट. मग बोनस आला त्यातून एकदम सात रंगवले, ते मुद्दाम वेगळ्या रंगाने. त्या म्हणाल्या की आता कपडे काढायला दार उघडलं तरी आधी नजर त्या सातांवरच जाते. अॅप वापरलं तरी चालेल, पण हाताने रंगवण्यात जी मजा आहे ती अॅपमध्ये नाही, हे आमचं प्रामाणिक मत.

जादा पैसे भरायचे झाले तर सुरुवातीच्या वर्षांतच भरा. वरच्याच उदाहरणात दरवर्षी फक्त एक हप्ता जास्तीचा भरला तर कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी संपतं. भरताना मात्र लेखी सांगा की हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करा, नाहीतर कधीकधी हप्ता कमी करून देतात आणि ती वाचलेली रक्कम कुठे जाते ते आपल्यालाच कळत नाही. आणि मुदतीआधी भरण्यावर चार्ज आहे का तेही करारात बघून घ्या.

एकापेक्षा जास्त कर्जं असतील तर आधी कुठलं? गणित म्हणतं सगळ्यात जास्त व्याजाचं आधी, मन म्हणतं सगळ्यात छोटं आधी. व्याजदरात फार फरक नसेल तर आम्ही छोटं आधी संपवायला सांगतो, एक खातं कायमचं बंद झालं की माणसाच्या चालण्यात फरक पडतो. पण क्रेडिट कार्डची बाकी असेल तर तिथं मनाचं ऐकू नका. महिन्याला 3 टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं, आणि 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावरची किमान भरायची रक्कम, बाकीच्या 5 टक्के धरून तेवढीच भरत राहिलात तर नवीन खरेदी एक पैशाची केली नाही तरी बाकी निम्मी व्हायला 32 महिने लागतात.

'फ्लॅट रेट' शब्द दिसला तर थांबा. त्यात मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच लावतात. 5 वर्षांचं 10 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिल्लकेवर 17 टक्क्यांच्या वर.

अजून एक चूक फार बघतो. जोशात येऊन सगळीच्या सगळी शिल्लक कर्जात घालतात, मग गाडी बंद पडते किंवा दवाखाना निघतो आणि तेच कार्ड परत बाहेर येतं, आणि त्या वेळी जी निराशा येते ना ती पहिल्या कर्जापेक्षा वाईट. म्हणून आधी निदान एका महिन्याच्या खर्चाएवढे पैसे बाजूला, वेगळ्या खात्यात, मग जादा भरणं. करमणुकीचे पैसेही शून्य करू नका, थोडे ठेवा आणि ते अपराधी न वाटता उडवा.

एखाद्या महिन्यात जादा भरायला जमलं नाही तर फक्त तो चौकोन रिकामा राहतो, बाकी काही बिघडत नाही. पण मूळ हप्ताच चुकणार असं वाटत असेल तर तारखेच्या आधी कर्ज देणाऱ्याशी बोला, नंतर नाही. मेसेज न उघडता ठेवणं हा उपाय नाही, एक जण न फोडलेल्या पाकिटांची पिशवीच घेऊन आले होते, सगळी फोडून लावायला दोन तास गेले आणि शेवटी त्यांच्या मनात होता त्यापेक्षा आकडा कमीच निघाला.

आम्ही कर्ज देत नाही, कुणाचं कर्ज विकतही नाही, फक्त हिशोब लावून देतो. पहिल्या भेटीला येताना सगळ्या कर्जांची ताजी स्टेटमेंट, कराराची प्रत आणि गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणा. पाकिटं फोडलेली नसली तरी चालतील, इथं बसून फोडू.